ऐकून बघा

शिफारस करायला आपल्या लोकांना फार आवडतं. आंबे कुणाकडून घ्यावेत, गुडघ्याला कोणतं तेल चोळावं, मुलीसाठी कुठलं स्थळ पाहावं, असं नुसतं तोंडातून निघायचा अवकाश; चार माणसं चार शिफारशी घेऊन पुढं सरसावतात. एस. टी.च्या थांब्यावर भेटलेला, नावगाव ठाऊक नसलेला गृहस्थसुद्धा आपल्या पाठदुखीवर वैद्य सुचवून मोकळा होतो. पुस्तकं सुचवणारेही भेटतात. निदान दिवाळीच्या सुमारास तरी भेटतात. पण "हे गाणं ऐकून बघा हो" असं म्हणणारा माणूस मात्र अलीकडे दुर्मीळ होत चालला आहे.

ह्याचं एक कारण उघड आहे. आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं. आणि सिनेमाच्या गाण्याला शिफारस लागतच नाही. ते रिक्षातून येतं, वरातीतून येतं, गणपतीच्या मांडवातून येतं, शेजारच्यांच्या भिंतीतून येतं. सिनेमाचं गाणं ऐकावं लागत नाही. ते ऐकू येतं. त्यातली कितीतरी गाणी मला प्राणासारखी प्रिय आहेत, त्यामुळे ही काही तक्रार नव्हे. पण ज्या गाण्यामागं सिनेमा नाही, नट नाही, नटी नाही, बर्फाचा डोंगर नाही, ते गाणं आपल्यापर्यंत पोचणार कसं? त्याला पाय नसतात. त्याला कुणीतरी उचलून आणावं लागतं.

अशी गाणी करणारी तरुण मंडळी आज आपल्या देशात जागोजागी आहेत. तीनचार जण एकत्र जमतात, स्वतःच शब्द लिहितात, स्वतःच चाल लावतात, पदरमोड करून ध्वनिमुद्रण करतात नि सातआठ गाण्यांचा एक संच, म्हणजे अल्बम, लोकांपुढं ठेवतात. त्यांच्या मंडळीला म्हणतात बँड. ह्या शब्दानं आमच्या भागात मोठी पंचाईत होते. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी उत्साहानं म्हणालो, "एक फार चांगला बँड ऐकला." त्यावर आमचे गणिताचे सर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "कितीला ठरला? आमच्या पुतण्याचं लग्न आहे वैशाखात."

मी तरुण होतो तेव्हा शिफारस करण्याचं काम कॅसेटचे दुकानदार करीत. धुळ्याला असा एक दुकानदार होता. दुकान एवढंसं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. त्याची एक पद्धत होती. तुम्ही काय मागायला आला आहात हे तो ऐकून घेई, मागितलेली कॅसेट काढून देई, आणि मग तिच्यावर दुसरीच एक कॅसेट ठेवून म्हणे, "हीही घेऊन जा. नाही आवडली तर परत आणा." लता मंगेशकरांची भावगीतं मागणाऱ्याच्या हाती तो कुठलं तरी राजस्थानी मांगणियारांचं गाणं ठेवी. नुकसानीचाच धंदा म्हणायचा. पण त्याच्याकडे परत आलेल्या कॅसेटी मी फारशा पाहिल्या नाहीत.

आता दुकानं गेली, कॅसेटीही गेल्या. शिफारशीचं काम फोनकडे आलं. तो ते रात्रंदिवस करतो, न कंटाळता करतो. मी एक भजन ऐकलं की तो पाठोपाठ वीस भजनं पुढं करतो. एक गझल ऐकली की दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी गझलांची रांग. त्याची सेवा नाकारता येत नाही. मात्र त्याच्या शिफारशीत एक गोष्ट नसते. मी काल जे ऐकलं त्यावरून तो मला उद्याचं देतो, म्हणजे फिरून फिरून माझंच मला वाढतो. धुळ्याचा दुकानदार मला त्याचं देत होता. "हे मला आवडलं" असं दुसऱ्याला सांगताना माणूस थोडा उघडा पडतो. आपली आवड समोरच्यानं नाक मुरडून परत केली तर काय, ही धास्ती त्याला असते. फोनला कसली आली आहे धास्ती!

ती धास्ती पत्करून यंदाच्या दिवाळीत मी आपल्यापुढं काही अल्बम ठेवणार आहे. त्यांतले काही अगदी नवे आहेत, काही तसे जुने. पण ज्यानं ऐकले नसतील त्याला सगळे नवेच. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, गाण्याचं शिक्षण तर नाहीच. तेव्हा राग, ताल, स्वरसंगती ह्यांविषयी मी काही सांगू लागलो तर जाणकारांनी पान उलटावं.

दिवाळी आहे म्हणून सुरुवात फटाक्यानं करू. दिल्लीचा ब्लडीवुड म्हणून एक बँड आहे. नाव भयंकर आहे आणि आवाज नावाला साजेसा आहे. सिनेमाच्या गाण्यांची विडंबनं करता करता ही मुलं स्वतःची गाणी करू लागली. ज्याला हेवी मेटल म्हणतात तो हा प्रकार: गिटारींची घरघर, ड्रमचा भडिमार, आणि गाणारा गातो की भांडतो ते प्रथमदर्शनी कळू नये. पण ह्यांनी त्यात ढोल आणला, बासरी आणली, इंग्रजीच्या शेजारी हिंदी नि पंजाबी बसवली. जर्मनीत वाकेन नावाचं एक खेडं आहे. तिथं दर वर्षी हेवी मेटलवाल्यांची जत्रा भरते. २०१९ साली ह्यांनी त्या जत्रेत हजेरी लावली, आणि २०२२ साली जपानच्या फुजी रॉक महोत्सवात ते वाजवून आले. 'रक्षक' हा त्यांचा अल्बम २०२२चा. 'नू दिल्ली' हा २०२५चा. ह्या दुसऱ्या अल्बमात 'तडका' नावाचं एक गाणं आहे आणि ते खरोखरच खाण्यापिण्यावर आहे. आपल्या स्वयंपाकघराचा अभिमान एवढ्या मोठ्या आवाजात कुणी मिरवला असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे चिवड्याची फोडणी चालली असताना मी ते मुद्दाम लावलं. आतून शेरा आला, "ह्यांची मोहरी जरा जास्तच तडतडली आहे." गाणं बंद करायला मात्र कुणी सांगितलं नाही. घरात पंधरासोळा वर्षांचा मुलगा असेल आणि तो तुमच्याशी बोलेनासा झाला असेल, तर हा अल्बम जरूर लावा. तो निदान खोलीबाहेर येऊन पाहील.

फटाके झाल्यावर जरा शांत व्हावं. त्यासाठी पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. हीसुद्धा दिल्लीचीच मंडळी. नावात कंपनी असली तरी आहे बँडच. त्यांचा 'बिस्मिल्ला' २०१९ साली आला आणि 'बेटा' २०२४ साली. गाण्याचे शब्द मुख्यतः इंग्रजी, त्यामुळे मला अर्धे कळतात; पण सूर्यकांत साहनी ह्यांचा तो खर्जातला आवाज कळायला शब्दकोश लागत नाही. ह्यांच्या गाण्यांत पितळी वाद्यं वाजतात, आणि ती ऐकताना मला आमच्याकडचा लग्नाचा बँडच आठवतो. वरात मांडवाशी पोचलेली असते, नवरा घोड्यावरून उतरलेला असतो, बिदागीचे पैसे चुकते झालेले असतात. मग बँडवाले अंगरख्याची बटणं सैल करून, अंधारातून टेम्पोकडे चालत निघतात. आणि त्यांच्यातला एखादा म्हातारा ट्रंपेटवाला चालता चालता, कुणाच्याही फर्माईशीवाचून, स्वतःसाठी एक लकेर घेतो. 'बिस्मिल्ला' ऐकताना मला वाटतं, ह्या मुलांनी ती लकेर पकडली आहे. गणिताच्या सरांना मी हा अल्बम ऐकवला. ते म्हणाले, "हा बँड चालेल. पण हे लोक वरातीत नाचू द्यायचे नाहीत, रडवतील." ह्याहून नेमकं परीक्षण मला करता आलं नसतं.

तिसरा अल्बम बंगळूरचा, पण त्यातला श्वास काश्मीरचा आहे. परवाज म्हणजे उड्डाण. काश्मीरमधून आलेले दोघे मित्र बंगळुरात इतरांना भेटले नि त्यातून परवाज हा बँड झाला. त्यांचा 'बारान' २०१४ साली आला आणि 'कुन' २०१९ साली. बारान म्हणजे पाऊस. गाणी लांब आहेत, घाई अजिबात नाही. सुरुवातीला नुसतं आभाळ भरून येत राहतं. शब्द उर्दू, आणि मधेच काश्मिरी. काश्मिरीतलं मला एक अक्षर कळत नाही. पण लहानपणी आजोळी पहाटे जात्यावरच्या ओव्या कानांवर यायच्या, तेव्हा अर्धवट झोपेत त्यांतलेही शब्द कुठं कळत होते? कुणीतरी जागं आहे आणि आपल्या मनातलं जात्याला सांगतं आहे, एवढं कळायचं, नि तेवढ्यावर पुन्हा झोप लागायची. काश्मीर म्हटलं की आपल्याला एक तर शिकारे आठवतात नाही तर बातम्या आठवतात. तिथल्या भाषेत एखादा तरुण मुलगा नुसता गातो कसा, हे आपण क्वचितच ऐकतो. तेवढ्यासाठी तरी 'बारान' ऐका.

बंगळूरचाच दुसरा बँड स्वरात्मा. ह्यांचं गाणं कानडी आणि हिंदी अशा दोन बैलांच्या गाडीतून जातं. पहिला अल्बम २००९चा, बँडच्याच नावाचा; मग 'टोपीवाले' २०१२ साली, 'राह-ए-फकीरा' २०१८ साली. पहिल्या अल्बमात 'प्यासी' म्हणून एक गाणं आहे, कावेरी नदीवरचं. कावेरीच्या पाण्यावरून कर्नाटक नि तामिळनाडूत किती वर्षं तंटा चालू होता, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. लवाद झाले, निवाडे झाले, बसगाड्या जळल्या. ह्या सगळ्या गदारोळात नदीची बाजू कुणी मांडावी, तर चार गिटारवाल्या पोरांनी! पाण्यावर भांडणारे दोन्हीकडचे तहानलेले, हे आपल्याला ठाऊक असतं. पण नदी स्वतःच तहानलेली असेल, ही कल्पना सरकारी कागदांत मावणारी नाही. ती गाण्यातच मावते.

आणि नदीचा विषय निघालाच आहे, तर ज्या अल्बमासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला त्याच्याकडे येतो.

त्याचं नाव 'कंदिसा'. बँडचं नाव इंडियन ओशन, गाव दिल्ली. हा अल्बम २००० सालचा. धुळ्याच्या त्या दुकानदारानंच तो माझ्या हाती ठेवला होता. "गाणी सातच आहेत," तो म्हणाला, "पण सात दिवस पुरतील." सुश्मित सेन ह्यांची गिटार, राहुल राम ह्यांची बेस गिटार, अमित किलम ह्यांचे ड्रम, आणि असीम चक्रवर्ती ह्यांचा तबला. असीम तबला वाजवता वाजवताच गात. ज्या गाण्यावरून अल्बमाला नाव पडलं ते 'कंदिसा' म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतली एक जुनी प्रार्थना आहे. तिची भाषा अरमाईकच्या कुळातली सीरियाक. येशू ख्रिस्त अरमाईक बोलत असे असं विद्वान सांगतात. कंदिसा म्हणजे पवित्र. तेव्हा पाहा: भाषा पश्चिम आशियातली, प्रार्थना मलबारातली, गाणारे दिल्लीतले, तबला आपला, गिटार साहेबाची, आणि ऐकणारा तापीच्या खोऱ्यातला एक पोरगा, ज्याला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी कॅसेट उलटसुलट करून ऐकली. सात दिवस कसले, ती पंचवीस वर्षं पुरली.

त्याच अल्बमात 'मा रेवा' आहे. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांचा अभ्यास करून, डॉक्टर होऊन परत आले आणि नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिले. खोऱ्यात वावरताना जी गाणी त्यांच्या कानी पडली, त्यांतलं हे एक. नदीकाठच्या लोकांच्या तोंडचं गाणं त्यांनी दिल्लीला नेलं, आणि तिथून ते देशभर गेलं. गाणं अत्यंत गोड आहे. त्यातली नदी अवखळ आहे, लाटा घेत येते. ऐकताना पाय आपोआप ताल धरतात. ज्या २००० साली हे गाणं घरोघर जाऊ लागलं, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि सरदार सरोवराचं अडलेलं काम पुढं सुरू झालं. गाणं एकीकडे वाढत गेलं, भिंत दुसरीकडे वाढत गेली. २०१७ साली भिंत तिच्या पुऱ्या उंचीला, १३८.६८ मीटरला पोचली.

ही भिंत गुजरातेत आहे. पण तिच्यामागचं पाणी आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आलं. अक्कलकुवा नि अक्राणी ह्या दोन तालुक्यांतली तेहतीस गावं त्या पाण्याच्या वाटेत होती. त्यांतलं पहिलं मणिबेली. डोंगरातली ती माणसं खाली तळोदा, शहादा ह्या सपाटीच्या तालुक्यांत आणून बसवली. त्यांच्या वसाहतींना रेवानगर, नर्मदानगर अशी नावं आहेत. ज्यानं ती ठेवली त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. पण नदी मागं राहिली आणि तिचं नाव पाटीवर आलं, असं मला त्या रस्त्यानं जाताना नेहमी वाटतं.

आमच्या शाळेत ह्या वसाहतींतली मुलं आहेत. एका जूनमध्ये पटनोंदणीच्या निमित्तानं मी अशाच एका घरी गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीचं नाव गळलं होतं. घरी ती आणि तिची आजी दोघीच. आजी पावरी बोलणारी. मराठी तिला कळतं, बोलायला ती कचरते. कागद भरून झाले, चहा झाला, बाहेर पावसाची सर सुरू झाली म्हणून मी थांबलो. बोलायला विषय उरला नाही तेव्हा मी म्हटलं, "आजी, एक गाणं ऐकून बघता का? तुमच्या नदीचं आहे." आणि फोनवर 'मा रेवा' लावलं.

तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मधे नात हसली तर तिला हातानं गप्प केलं. संपल्यावर तिनं विचारलं, "कोण गातो? काठावरचा आहे का?" मी म्हणालो, "नाही, दिल्लीचा. पण काठावर येऊन राहिला होता." ती जरा वेळ काही बोलली नाही. मग पावरीत नातीला काहीतरी म्हणाली. नात ते सांगायला लाजत होती. मी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं मराठीत सांगितलं, "आजी म्हणते, गाणं चांगलं आहे. पण ह्या गाण्यातली नदी वाहते आहे. आमची आता साचली."

एवढं म्हणून आजी थांबली नाही. तिला सांगायचं होतं ते गाण्यानं कुठूनसं मोकळं केलं होतं. ती सांगत गेली, नात मराठीत करीत गेली. नदीला आवाज होता. उतारावरच्या घरात निजलं की रात्रभर तो यायचा. पावसाळ्यात वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. आवाजावरून पाणी किती चढलं ते कळायचं. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की ओल्या गाळात टरबुजं लावीत. प्रत्येक डोहाला नाव होतं. ती बोटांवर मोजून एकेक नाव घेऊ लागली. हा मासळीचा, हा खोल म्हणून मुलांना मनाई असलेला, ह्या खडकावर तिची आई कपडे वाळत घालीत असे. दहाबारा नावं झाली. नातीला त्यांतलं एकही ठाऊक नव्हतं. ती मुलगी सपाटीवर जन्मलेली. तिच्या दृष्टीनं नर्मदा म्हणजे वसाहतीच्या फाट्यावरची पाटी. ती आजीकडे बघतच राहिली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस," असं ती पावरीत म्हणाली असावी, कारण आजीनं जे उत्तर दिलं ते तिनं मला आपण होऊन मराठीत सांगितलं: "आजी म्हणते, कुणी विचारलं नाही."

आता ह्या म्हातारीला ह्यापूर्वी कुणी काही विचारलं नव्हतं असं नाही. पंचवीसतीस वर्षं तिला विचारतच आले आहेत. घरात माणसं किती, झाडं किती, जमीन किती, ताबा कधीपासून, अंगठा कुठं. लवादाच्या निवाड्याप्रमाणे खातेदाराला निदान दोन हेक्टर जमीन द्यायची, म्हणून हेक्टरांचा हिशेब झाला. तो हिशेब आवश्यकच आहे, आणि ज्यांना अजून जमीन मिळायची राहिली असेल त्यांच्यासाठी तो पहिल्यानं झाला पाहिजे. पण त्या कागदांत नदीच्या आवाजाचा रकाना नाही. डोहांच्या नावांचाही नाही.

वसाहतीतून परत येताना मी त्या गाण्याचा विचार करीत होतो. गाण्यानं भिंत थांबली नाही, हे खरं. दिल्लीच्या मंडपात, पुण्यामुंबईच्या सभागृहांत हजारो लोकांनी त्यावर टाळ्या धरल्या, आणि घरी जाऊन ज्या विजेच्या दिव्याखाली ते झोपले तीसुद्धा कुठल्या तरी नदीला अडवूनच आलेली असेल. आजीनं अर्ध्या वाक्यात त्या गाण्याचं उणं दाखवलं होतं: ते वाहत्या नदीचं गाणं आहे, साचलेल्या पाण्याचं नाही. इतकी वर्षं ऐकून मला ते दिसलं नव्हतं, कारण ते दिसायला काठावर राहिलेलं असावं लागतं. आणि तरीसुद्धा, ज्या तोंडाला पंचवीस वर्षांचे कागद उघडू शकले नाहीत ते ह्या सहासात मिनिटांनी उघडलं. गाण्यात उणं होतं म्हणूनच कदाचित उघडलं. "तसं नाही, असं होतं" हे सांगायला तिला निमित्त मिळालं. त्या मुलीनं नंतर शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ती नावं लिहून काढली. मला दाखवली तेव्हा ती सतरा झाली होती; पाच आजीला रात्री आठवली म्हणे.

इंडियन ओशनविषयी आणखी थोडं सांगायला हवं. असीम चक्रवर्ती २००९च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवशी गेले. पुढच्याच वर्षी बँडनं '१६/३३०, खजूर रोड' हा अल्बम काढला. हे नाव म्हणजे दिल्लीच्या करोल बागेतल्या एका जुन्या घराचा पत्ता; तिथं ही मंडळी सराव करीत. ह्या अल्बमातली गाणी त्यांनी दर महिन्याला एक अशी लोकांना फुकट देऊन टाकली. त्यांत असीम ह्यांचा आवाज आहे. गेलेल्या मित्राचा आवाज महिन्याकाठी एकेक करून वाटून टाकायचा, ही कल्पना मला श्राद्धाच्या जवळची वाटते. पुढं २०१४ साली 'तांदनु' आला. त्यात शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन अशी पाहुणेमंडळी येऊन गेली आहेत. आणि २०२३ साली 'तू है?' आला. माणसं बदलली, काही गेली, काही नवी आली, पण घर चालू आहे.

तर ही माझी यादी. दिवाळीच्या चार दिवसांत ती ऐकायला वेळ कधी मिळणार, असा प्रश्न गृहिणींना पडेल आणि तो रास्त आहे. माझा अनुभव असा की लक्ष्मीपूजन आटोपल्यावर, फटाक्यांचा धूर विरल्यावर, रात्री साडेअकराच्या सुमारास घरात एक पाऊण तास मोकळा सापडतो. पाहुणे पांगलेले असतात, मुलं पेंगुळलेली असतात, ओट्यावर डबे अर्धवट झाकलेले असतात, आणि कुणालाच लगेच झोपायचं नसतं. त्या वेळी एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधली गाणी न गाळता लावावा. आवडला तर त्या मंडळींचा कार्यक्रम जवळपास असेल तेव्हा तिकीट काढून जावं. त्यांचा खरा रोजगार तोच आहे. फोनवर फुकट ऐकण्यावर कुणाची चूल पेटत नाही.

आणि एकट्यानं ऐकू नये. घरात सगळ्यांत वडील माणूस असेल त्याला शेजारी बसवावं. "हे गाणं ऐकून बघा" म्हणावं, आणि संपल्यावर कसं वाटलं ते विचारून थोडा वेळ गप्प राहावं. काय उत्तर येईल ते सांगता येत नाही. "बंद कर ते" असंही येईल. तरी चालेल, त्यांना विचारावं, "मग तुमच्या वेळी कसं होतं?"